संधानपात्रातील अम्लता : किण्ववृद्धीची परीक्षा सामूच्या आधारे

शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडातील दहावा अध्याय संधानकल्पनेचा आहे. त्यातील आसव व अरिष्ट यांच्या व्याख्या आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेल्या असतात; परंतु त्याच अध्यायात दिलेल्या चुक्राच्या व्याख्येकडे औषधनिर्मात्यांचे लक्ष क्वचितच जाते. बिघडून आंबट झालेले मद्य, अथवा बिघडून संधान पावलेला मधुर द्रव, यास चुक्र म्हणावे असा तिचा आशय आहे. काढा तोच, गूळ तोच, धायटीची फुले तीच. तरीही एका पात्रात अरिष्ट सिद्ध होते आणि शेजारच्या पात्रात चुक्र होते, आणि या दोहोंतील भेद शास्त्राने अम्लतेवर ठेवला आहे. ही अम्लता किती, ती केव्हा आली व कोणामुळे आली, याचा निर्णय पूर्वी जिभेवर सोपविलेला असे. आज तो रोजच्या रोज मोजून करता येतो. त्यासाठी लागणारी साधने लहान निर्माणशाळेलाही परवडण्याजोगी आहेत. मात्र मिळालेला आकडा कसा वाचावा याविषयी बराच गोंधळ आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

रूढ परीक्षा आपणांस परिचित आहेतच. पात्रास कान लावून बुडबुड्यांचा आवाज ऐकणे, पात्राच्या तोंडाशी जळती काडी नेऊन ती विझते का ते पाहणे, बाहेर पडणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडून निवळी दुधाळ होते का ते तपासणे, प्रक्षेपद्रव्ये तरंगतात की तळाशी बसली हे पाहणे. या सर्व परीक्षा उपयुक्त आहेत व त्या सोडू नयेत. पण त्या सर्वांचा आधार एकच आहे : कार्बन डायऑक्साइड वायू. संधान सुरू झाले का व थांबले का, एवढेच त्यांवरून कळते. पात्रात काम कोण करीत आहे हे कळत नाही. उसाच्या रसात सहज वाढणारे ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणूही साखरेपासून लॅक्टिक आम्लाबरोबर हाच वायू निर्माण करतात. काडी त्यांच्यामुळेही विझते आणि चुन्याची निवळी त्यांच्यामुळेही दुधाळ होते. शिळ्या रसाला तार सुटते ती यांच्यामुळेच, हे गुऱ्हाळावरील कोणीही सांगेल.

अरिष्ट सिद्ध करणारे किण्व हे एकपेशीय कवक आहे. बुरशीच्याच कुळातील, परंतु तंतू न धरता कळ्या फुटून वाढणारे. त्याची वाढ मोजण्याच्या प्रयोगशाळेतील रीती आसवारिष्टांना फारशा लागू पडत नाहीत. द्रवाचा गढूळपणा मोजावा तर काढा मुळातच काळपट व चूर्णांनी भरलेला असतो. पेशी गाळून, वाळवून वजन करावे तर त्यांबरोबर प्रक्षेपाचे वजनही येते. म्हणून अप्रत्यक्ष खुणेचा आश्रय करावा लागतो, आणि अम्लता ही अशी खूण आहे. वाढणारी किण्वपेशी आपल्या आवरणातून हायड्रोजन आयन सतत बाहेर ढकलते, कारण शर्करेखेरीजचे बहुतेक पोषण आत ओढून घेण्याचे बळ तिला त्यातूनच मिळते. द्रवातील अमोनियम क्षार ती नत्रासाठी घेते तेव्हाही द्रव आंबट होतो. शिवाय सक्सिनिक, ॲसेटिक आदी सेंद्रिय आम्ले ती अल्प प्रमाणात स्रवते. पेशींची संख्या वेगाने वाढत असताना सामू वेगाने उतरतो, वाढ थांबली की तो स्थिर होतो, आणि पेशी मरून फुटू लागल्या की किंचित वर चढतो. तंतुमय बुरशीच्या द्रवसंवर्धनातही साधारण हाच क्रम दिसतो. ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी तर इतके सायट्रिक आम्ल देते की १९१७ साली जेम्स करी यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केल्यानंतर त्या आम्लाचा उद्योगच लिंबावरून बुरशीवर गेला.

सामू ही कल्पनाही किण्वाच्याच घरातली आहे. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या मद्यनिर्मात्या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारे सोरेन्सन यांनी ती १९०९ साली मांडली. ती घातगणिताची मोजणी असल्यामुळे सामू ५ वरून ४ वर आला म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दसपट झाले, हे ध्यानी ठेवावे. ‘एकच अंकाने तर उतरला’ असे म्हणून भागत नाही.

गूळ, चुना आणि पाणी

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्यापैकी बहुतेकांची आसवारिष्टे याच गुळावर होतात. या गुळाची घडण संधानाच्या दृष्टीने समजून घेणे अगत्याचे आहे. उसाचा ताजा रस स्वभावतः आम्लधर्मी असतो. त्याचा सामू ५ च्या थोडा वर असतो. काहिलीत मळी काढताना भेंडीच्या चिकाबरोबर चुन्याची निवळी घालतात, त्यामुळे रसाची अम्लता कमी होते व रवा चांगला बसतो. चुना बेताचा असेल तर काहीच बिघडत नाही. तो अधिक झाला असेल तर त्या गुळाच्या द्रावणाचा सामू ६ च्या वर जातो, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्या द्रवात आम्ल पचवून टाकण्याची शक्ती येते. किण्व नेटाने वाढत असतानाही सामू हलत नाही. निर्मात्यास वाटते संधान सुरूच झाले नाही. उलट पहिले दोन-तीन दिवस द्रव अम्लतेच्या संरक्षणाविना राहतो आणि जिवाणूंना मोकळे रान मिळते. हे पहिले ४८ तासच निर्णायक असतात असे आमचे मत आहे. सामू ४.६ च्या खाली गेल्यावर घातक जिवाणूंपैकी बहुतेकांची वाढ थांबते, हा अन्नशास्त्रातील सर्वमान्य दंडक आहे. संधानद्रव त्या रेषेखाली जितक्या लवकर जाईल तितके बरे.

दुसरी अडचण हायड्रोसची. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी काहिलीत सोडियम हायड्रोसल्फाइट टाकतात. त्याचा गंधकयुक्त अंश गुळात उरला तर तो आम्ल द्रवात किण्वाच्या व जिवाणूंच्या वाढीस बाधक होतो व संधान उशिरा सुरू होते. बाजारात अशा गुळाला भाव अधिक मिळतो, पण औषधासाठी तपकिरी, बिनहायड्रोसचा गूळच मागून घ्यावा. रंगावरून निवड करणाऱ्या अडत्याचे आणि आपले हित येथे एक नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनीच्या पट्ट्यात विहिरी व बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असतात. अशोकारिष्टासाठी ४ द्रोण, म्हणजे ४९.१५२ लिटर पाणी आटवून १ द्रोण, म्हणजे १२.२८८ लिटर काढा उरवावयाचा असतो. पाणी चौथाई होते, परंतु त्यातील विरघळलेले सोडियमचे क्षार आटत नाहीत. ते चौपट दाट होतात. चुन्याचा काही भाग भांड्याला पांढरा थर होऊन बसतो, सोडियमचा भाग काढ्यातच राहतो व पुढे किण्वाने निर्माण केलेले आम्ल मारीत बसतो. अशा ठिकाणी काढ्यासाठी शुद्ध केलेले मृदू पाणीच वापरावे.

म्हणून गुळाची प्रत्येक नवी खेप आली की तिची आधी लहानशी परीक्षा करावी. १० ग्रॅम गूळ ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करावे व सामू पाहावा. तसेच नेहमीच्या काढ्यात ठरलेल्या प्रमाणात तो गूळ व धायटीची फुले घालून अर्ध्या लिटरची बाटली लावावी. बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, घट्ट बूच बसवू नये, अन्यथा ती फुटण्याचा संभव असतो. २४, ४८ व ७२ तासांनी सामू नोंदवावा. मागच्या चांगल्या खेपेच्या नोंदीशी तो जुळला तर मोठे पात्र भरण्यास हरकत नाही. तीन दिवसांचा विलंब आणि शंभर लिटर अरिष्ट यांची तुलना निर्मात्याने स्वतःच करावी.

धायटीविषयी एक उल्लेख येथे केला पाहिजे. ही फुले केवळ किण्वाची वाहक आहेत असे आपण समजत आलो. निंबारिष्टावरील १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र असे दिसले, की मद्यांश लक्षणीय वाढला तो धायटी असतानाच, परंतु मद्य निर्माण करणारे किण्व त्या फुलांतून आलेले नव्हते. फुलांमध्ये उसाच्या साखरेचे विघटन करणारे विकर मात्र क्रियाशील होते. म्हणजे गुळातील साखर किण्वाला सुलभ करून देणे हे फुलांचे एक कार्य ठरते. जुनी, दमट कोठारात वर्षभर पडलेली फुले रंगाने लाल दिसली तरी हे कार्य करतीलच असे नाही. सह्याद्रीच्या उतारांवर धायटी फुलते तेव्हाच वर्षाची बेगमी करून ती कोरडी ठेवावी. बेकरीचे किण्व घालून संधान जलद करण्याची चाल अलीकडे पडली आहे. तिच्या ग्राह्याग्राह्यतेचा वाद येथे नको. परंतु असे पात्र असेल तर सामूची उतरण निराळी येणार व जुन्या नोंदींशी तिची तुलना करता येणार नाही, एवढे ध्यानी घ्यावे.

मापन

सामूदर्शक कागद आसवारिष्टांना निरुपयोगी आहे. द्रवाचा तपकिरी रंग कागदावर चढतो आणि तुलनेची पट्टी व्यर्थ होते. काचेचा इलेक्ट्रोड असलेला सामूमापकच घ्यावा. सामूमापकाचा जन्मही १९३४ च्या सुमारास अमेरिकेत लिंबूवर्गीय रसाची अम्लता मोजण्याच्या गरजेतून झाला, हा योगायोग आपल्या व्यवसायाला शोभणारा आहे. रोज वापरण्यापूर्वी सामू ७ व सामू ४ या दोन बफर द्रावणांनी यंत्र जुळवून घ्यावे. केवळ ७ ने जुळविलेले यंत्र आपल्याला हव्या त्या पट्ट्यात चुकू शकते. नमुना मलमलीतून गाळून, काही मिनिटे ढवळून त्यातील वायू घालवावा, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच आम्लधर्मी आहे. नमुना २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आल्यावर वाचन घ्यावे. टॅनिनयुक्त काढ्यांमुळे इलेक्ट्रोडवर तपकिरी पुट चढते व वाचन सुस्त होते, तो ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवून धुवावा आणि पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर द्रावणात ठेवावा. ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते; तिने इलेक्ट्रोडचे आयुष्य घटते.

येथे एक शास्त्रीय अडचण उभी राहते. संधिबंधन केलेले पात्र उघडू नये असा दंडक आहे, आणि तो सकारण आहे. आत हवा गेली की मद्याचे ॲसेटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मिळतो. मग नमुना कसा घ्यावा? मोठ्या स्टीलच्या पात्राला मध्यावर तोटी बसवून घेता येते. मातीच्या घड्याला किंवा चिनी मातीच्या बरणीला ते शक्य नसल्याने त्याच भरणीतील पाच लिटर द्रव प्रक्षेपासह एका लहान बरणीत भरून तिचे तोंड तसेच बांधावे व ती मोठ्या पात्राशेजारी ठेवावी. तिला आम्ही साक्षीपात्र म्हणतो. नमुने तिच्यातूनच घ्यावेत. लहान बरणीत किण्वाची ऊष्णता टिकत नाही, म्हणून तिचे संधान मोठ्या पात्राच्या किंचित मागे राहते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे तापमान पुष्कळ उतरते, तेव्हा हे अंतर अधिक जाणवते. दोन्ही पात्रे गवताच्या पेंढ्यात किंवा धान्यराशीत ठेवावीत. या ऋतूत संधानाला अधिक दिवस द्यावेत हे शास्त्रवचन कोणी विसरू नये.

एक आकडा पुरत नाही

सामू एकट्याने वाचणे हीच व्यवहारातील सर्वांत मोठी चूक आहे. संधानाच्या अखेरीस एकदाच सामू घ्यावयाचा, तो ४ च्या आसपास आला की ‘उत्तम’ असा शेरा मारावयाचा, ही रीत निरर्थक आहे. सामू सांगतो आम्लाची तीव्रता; आम्लाचे एकूण प्रमाण तो सांगत नाही. चुनखडी गुळाचा द्रव पुष्कळ आम्ल पोटात घालूनही सामू ४ दाखवील. म्हणून जोडीला अनुमापन करावे. वायू घालविलेला १० मिलिलिटर नमुना सुमारे १०० मिलिलिटर उकळून थंड केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात घ्यावा, त्यात इलेक्ट्रोड बुडवावा, आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे ०.१ नॉर्मल द्रावण ब्युरेटमधून सामू ८.२ येईपर्यंत सोडावे. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग या काळपट द्रवात दिसत नाही, म्हणून यंत्रावरच थांबावे. दर १ मिलिलिटर द्रावण ६ मिलिग्रॅम ॲसेटिक आम्लाबरोबर समजावे. तिसरी नोंद साखरेची. ती ब्रिक्सच्या हायड्रोमीटरने घ्यावी. भिंगाचे रिफ्रॅक्टोमीटर मद्यांश आल्यावर खरी साखर दाखवीत नाही.

या तीन नोंदी शेजारी ठेवल्या की पात्रातील कर्ता उघड होतो. समजा, दोन पात्रे एकाच दिवशी, निरनिराळ्या गुळांवर भरली. सहाव्या दिवशी दोहोंचा सामू ३.९. पहिल्या पात्रात ब्रिक्स ३८ वरून २९ वर आले आणि अनुमापनाचा आकडा ३ वरून ४.५ मिलिलिटरवर गेला. म्हणजे साखर पुष्कळ खर्ची पडली व आम्ल शेकडा ०.०९ इतकेच वाढले. हे किण्वाचे काम होय. दुसऱ्या पात्रात ब्रिक्स ३८ वरून फक्त ३५ झाले, पण अनुमापन २ वरून ९ वर गेले; आम्ल शेकडा ०.४२ ने वाढले. साखर फारशी न जाता आम्ल चढले, तर जिवाणूंनी पात्र ताब्यात घेतले असे समजावे. सामू दोहोंचा सारखा, जीभही कदाचित गुळाच्या गोडीने फसेल; परंतु पहिले अरिष्ट आहे व दुसरे चुक्राच्या वाटेवर आहे. सूक्ष्मदर्शक जवळ असल्यास एक थेंब मेथिलीन ब्लूमध्ये मिसळून पाहावा. जिवंत किण्वपेशी रंगहीन राहतात, मृत पेशी निळ्या होतात, आणि जिवाणूंचे बारीक दंड किंवा माळा त्याच क्षेत्रात दिसतात.

अशोकारिष्टासारख्या कल्पात १ द्रोण काढ्यास ९.६ किलो गूळ येतो. म्हणजे या दोहोंच्या एकूण वजनात शेकडा सुमारे ४४ भाग गूळ. एवढ्या गोड द्रवात किण्वाची वाढही मंद होते, आणि सर्व साखर संपण्याची अपेक्षाच नसते. सामू स्थिर झाला तरी ब्रिक्स बरेच उरलेले असते. त्यावरून संधान अपुरे राहिले असा निष्कर्ष काढून अधिक किण्व घालण्याची घाई करू नये.

सामू वर चढू लागला तर

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित नोंद ही आहे. संधान थांबल्यावर सामू काही दिवस स्थिर राहतो. त्यानंतर तो ३.७ वरून ४ वर, ४.२ वर असा चढू लागला की अनेक निर्माते समाधान मानतात. आंबटपणा कमी झाला, औषध सौम्य झाले असे त्यांना वाटते. पेशी फुटल्यामुळे होणारी वाढ अल्प असते. चढण सतत राहिली तर पात्राचे तोंड काळजीपूर्वक उघडून पृष्ठभाग पाहावा. तेथे बहुधा पांढरी साय किंवा हिरवट-काळी बुरशी आढळते. हवा मिळालेली ही कवके द्रवातील सेंद्रिय आम्लेच खाऊन वाढतात, आणि आम्ले गेली की संरक्षणाची भिंत पडते. पेनिसिलियम व ॲस्परजिलस कुळांतील काही बुरशी विषारी द्रव्येही निर्माण करतात. ती वरची साय काढून टाकल्याने किंवा द्रव गाळल्याने जात नाहीत. पावसाळ्यात कोठीतील दमट हवेत कापडमातीचे बंधन भेगाळले की हा प्रकार हमखास घडतो. चढत्या सामूचे पात्र उतरत्या सामूच्या पात्राहून अधिक संशयास्पद मानावे.

आंबट झालेल्या पात्रात खाण्याचा सोडा किंवा चुना घालून सामू ‘दुरुस्त’ करण्याची क्लृप्ती काहींकडून ऐकू येते. तिने सामू ग्रंथोक्त किंवा औषधसंहितेतील मर्यादेत बसतो हे खरे. परंतु ॲसेटिक आम्ल नाहीसे होत नाही, त्याचा क्षार होऊन ते बाटलीतच राहते, आणि गेलेले मद्य परत येत नाही. मिठावर नियंत्रण सांगितलेल्या हृद्रोगी किंवा वृक्करोगी रुग्णाला सोड्यातील सोडियम नकळत पाजले जाते. २०१६ च्या दुरुस्तीनुसार आसवारिष्टांच्या लेबलावर उत्पादनापासून कमाल दहा वर्षांची कालमर्यादा घालावी लागते. पूर्वी ती अमर्याद मानली जाई. दहा वर्षे टिकेल असे लिहून दिलेल्या बाटलीत सोड्याने शमविलेले चुक्र आहे, हे वैद्याला कळण्याचा मार्ग नसतो; तो रुग्णाला अर्जुनारिष्ट लिहून देतो आणि गुण आला नाही तर दोष निदानाला किंवा शास्त्राला लागतो.

असे पात्र औषधसाठ्यातून बाजूला काढावे, त्यावर खेप क्रमांक व कारण लिहावे आणि ते नष्ट केल्याची नोंद ठेवावी. चुक्र ही स्वतंत्र कल्पना आहे म्हणून ते त्या नावाने विकता येईल असा युक्तिवाद कोणी केल्यास तो मान्य होण्याजोगा नाही. चुक्राची द्रव्ये व विधी ठरलेली असून बिघडलेले अशोकारिष्ट हे त्यात बसत नाही. अनुसूची टी २००० साली लागू झाल्यापासून खेपेची निर्मितिनोंद आपण ठेवतोच. तिच्यात तारीख, पात्रातील तापमान, सामू, अनुमापन व ब्रिक्स असे पाच रकाने आखावेत. पहिले चार दिवस रोज, पुढे एक दिवसाआड, आणि संधान थांबल्यावर बाटल्या भरेपर्यंत आठवड्यातून एकदा नोंद करावी. गुळाच्या अडत्याचे नाव व खेप त्याच पानावर लिहावी, म्हणजे पुढील हंगामात कोणाकडून घ्यावयाचा नाही हे शोधत बसावे लागणार नाही.